पालेंकेचा राजा पाकाल आणि त्याच्या दफनकक्षातून उलगडणारी माया धर्मश्रद्धा

मेक्सिकोच्या दक्षिणेकडील चियापास राज्यात, डोंगरउतारावरील दाट जंगलात, माया या मध्य अमेरिकेतील प्राचीन संस्कृतीच्या पालेंके नगराचे अवशेष आहेत. तेथील ‘शिलालेखांचे मंदिर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पिरॅमिडच्या पोटात किनिच जनाब पाकाल या राजाला इ.स. ६८३ मध्ये पुरण्यात आले. माया राजांची दफने अनेक नगरांत सापडली आहेत. परंतु राजाचे शरीर, त्याच्यासोबत ठेवलेल्या वस्तू, कोरीव चित्रे, नेमक्या तिथी सांगणारे लेख आणि या सर्वांना सामावून घेणारी वास्तू असा पुरावा एकाच जागी व मूळ स्थितीत हाती यावा, असे उदाहरण दुर्मीळ आहे. म्हणून येथे या एकाच दफनाचा विचार केला आहे. हा कक्ष मृत शरीर कायमचे बंदिस्त करण्यासाठी बांधलेला नव्हता, तर मृत राजा आणि जिवंत नगर यांच्यातील देवाणघेवाण पुढेही चालू राहावी यासाठी केलेली ती व्यवस्था होती, असे माझे मत आहे आणि उपलब्ध पुरावा त्या मताला कितपत आधार देतो हे पुढे पाहू.

कक्षाचा शोध

मेक्सिकोचे पुरातत्त्वज्ञ अल्बर्टो रुस लुइलिए यांनी १९४९ मध्ये या मंदिरात काम सुरू केले, तेव्हा दोन गोष्टी त्यांच्या ध्यानात आल्या. मंदिराच्या भिंती फरशीपाशी न थांबता तिच्या खालीही जात होत्या आणि फरशीतील एका मोठ्या शिळेला भोके पाडून ती दगडी बुचांनी बंद केलेली होती. शिळा उचलल्यावर खाली जाणारा जिना दिसला, पण तो दगडमातीने ठासून भरलेला होता. ही भर उपसण्यात उत्खननाचे चार हंगाम गेले. जून १९५२ मध्ये, पिरॅमिडच्या पायथ्याच्याही किंचित खालच्या पातळीवर, एका त्रिकोणी शिळेपलीकडे सुमारे ९ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ७ मीटर उंच असा कमानदार छताचा कक्ष उघडा झाला. त्याचा बहुतेक भाग एका अखंड दगडी शवपेटीने व्यापला होता. तिच्यावरील कोरीव झाकण ३.८ मीटर लांब, २.२ मीटर रुंद आणि कित्येक टन वजनाचे आहे. ते त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उचलण्यात आले. माया पिरॅमिड म्हणजे केवळ मंदिर उंचावर नेणारे चौथरे, अशी जी समजूत अभ्यासकांत तोपर्यंत रूढ होती, तिला या शोधाने मोठा धक्का दिला.

बांधकामाचा क्रम या प्रकरणात विशेष महत्त्वाचा आहे. शवपेटी इतकी अवजड आहे की ती जिन्यावरून खाली नेणे अशक्यच होते. याचा अर्थ, आधी शवपेटी ठेवली, मग तिच्याभोवती कक्ष उभारला आणि नंतर त्यावर नऊ टप्प्यांचा पिरॅमिड व माथ्यावरचे मंदिर रचले. मंदिर हे दफनासाठी होते, दफन हे मंदिरात नंतर घुसवलेले नव्हते. काम पाकालच्या हयातीत सुरू झाले असावे आणि त्याचा पुत्र किनिच कान बाहलाम याने ते पूर्णत्वास नेले.

अर्पणे चुकलेले राज्य

पाकालचा जन्म मार्च ६०३ मधला. त्याच्या जन्माआधी ५९९ मध्ये आणि पुन्हा त्याच्या बालपणी ६११ मध्ये पूर्वेकडील बलाढ्य कालाकमुल राज्याने पालेंकेवर हल्ले केले. या विध्वंसानंतर, ६१५ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी तो गादीवर आला आणि तब्बल ६८ वर्षे राज्य करून ऑगस्ट ६८३ मध्ये, ऐंशीव्या वर्षी मरण पावला. त्याचा राजवंशाशी असलेला संबंध आई साक कुक हिच्याकडून आलेला होता. त्याचे वडील कान मो हिश यांच्या नावामागे कोठेही राजपद लावलेले नाही. म्हणजे राज्य दुबळे झालेले आणि वारसाहक्काला जादा आधाराची गरज असलेला राजा, अशी ही परिस्थिती होती.

या पराभवांच्या काळाची नोंद कक्षाच्या वरच्या मंदिरातील तीन भव्य लेखफलकांत आहे. सहाशेहून अधिक चित्रलिपी-चिन्हांचा हा मजकूर माया लेखांपैकी दीर्घतम लेखांत मोडतो. माया कालगणनेत ७,२०० दिवसांच्या, म्हणजे सुमारे वीस वर्षांच्या कालखंडाला कातुन म्हणतात आणि प्रत्येक कातुन संपताना राजाने देवांना अर्पणे द्यावीत असा दंडक होता. इ.स. ६१३ मधील कातुन-समाप्तीबद्दल लिहिताना हा लेख विजयाची भाषा सोडतो. अर्पणे यथासांग झाली नाहीत, देवी हरपली, राजा हरपला, असा विलाप त्यात येतो. एका राजाने आपल्याच मंदिरात आपल्या घराण्याची ही नामुष्की कोरून ठेवावी, हे मला या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत बोलके वाक्य वाटते. लढाईतील हार त्यांना केवळ लष्करी घटना वाटत नव्हती. देवांची सेवा खंडित होणे हाच तिचा खरा आशय होता.

त्यानंतरचा मजकूर पाकालने ही सेवा पुन्हा कशी सुरू केली याचा आहे. पालेंकेचे तीन संरक्षक देव होते. प्रत्येक कातुनच्या शेवटी त्या देवांना कोणते शिरोभूषण, कोणते कंठहार, कोणती कर्णभूषणे अर्पण झाली याचा तपशील तेथे दिला आहे. देवमूर्तीला वस्त्रालंकार चढवण्याची प्रथा मराठी वाचकाला परकी नाही. मात्र येथे सेवेचे वेळापत्रक विश्वाच्या कालचक्राशी बांधलेले होते आणि ते पाळण्याचा भार सर्वांत आधी राजाच्या देहावर होता. तो भार वाहणारा राजा मरण पावल्यावर काय होणार, या प्रश्नाचे उत्तर खालच्या कक्षात शोधावे लागते.

झाकणावरील चित्र

शवपेटीच्या झाकणावर पाकाल गुडघे दुमडून, मागे रेललेल्या स्थितीत कोरला आहे. त्याच्या खाली अर्पणपात्र धारण करणारे एक अर्धकंकाल मुख आहे, ज्यावर सूर्याचे चिन्ह आहे. त्याहून खाली भूमीच्या पोटातील जबडा उघडलेला आहे. राजाच्या देहामागून क्रुसाच्या आकाराचा एक वृक्ष वर चढतो. हा विश्ववृक्ष पाताळ, पृथ्वी आणि आकाश यांना जोडणारा अक्ष आहे. त्याच्या आडव्या फांद्यांवरून दोन तोंडांचा सर्प लोंबतो आणि शेंड्यावर दिव्य पक्षी बसलेला आहे. चित्राच्या कडेने सूर्य, चंद्र आणि आकाशस्थ चिन्हांचे पट्टे आहेत.

राजा या जबड्यात पडत आहे की त्यातून वर येत आहे, यावर अभ्यासकांत बराच काळ वाद झाला. आरंभीच्या वाचनांत मावळत्या सूर्यासोबत पाताळात उतरणारा राजा असा अर्थ लावला गेला. पुढे पोशाखाकडे अधिक बारकाईने पाहिले गेले. पाकालने नेसलेले, जेड या हिरव्या दगडाच्या मण्यांचे जाळीदार वस्त्र हे मक्याच्या देवाचे वस्त्र आहे. कपाळावरील धुमसती नळी ही काविल या देवाची खूण आहे. हा देव विजेशी, समृद्धीशी आणि राजवंशाच्या सातत्याशी निगडित आहे. दुमडलेले पाय आणि मागे झुकलेले अंग ही माया चित्रांत नवजात काविलची ठरलेली मुद्रा आहे. या तीन खुणा एकत्र घेतल्या तर चित्रातील राजा ऐंशी वर्षांचा वृद्ध नसून नुकता जन्मलेला, अंकुरणारा देव आहे, असे वाचन अधिक सुसंगत ठरते. मला स्वतःला पडणे आणि उगवणे हा पर्यायच माया विचाराला धरून वाटत नाही. मक्याचा दाणा जमिनीत जातो तेव्हा ते त्याचे पुरणे असते आणि पेरणेही असते. मक्यावर जगणाऱ्या समाजाने मृत्यूची कल्पना याच अनुभवावरून घडवली असेल, तर एकाच चित्रात दोन्ही हालचाली असणे स्वाभाविक आहे.

या वाचनाला दुजोरा देण्यासाठी ‘पोपोल वूह’ या, किचे नावाच्या माया लोकांच्या ग्रंथाचा आधार घेतला जातो. त्यात हुन हुनाहपू हा शिबाल्बा नावाच्या पाताळात मारला जातो आणि त्याचे जुळे पुत्र तेथील मृत्युदेवांना हरवून पित्याकडे परततात. अभ्यासक या पित्याला प्राचीन मक्याच्या देवाशी जोडतात. ही सांगड उपयुक्त आहे, परंतु तिचा वापर जपून केला पाहिजे. ‘पोपोल वूह’ ग्वाटेमालाच्या उंच प्रदेशात, स्पॅनिश आक्रमणानंतर, म्हणजे पाकालच्या मृत्यूनंतर सुमारे नऊशे वर्षांनी लिपिबद्ध झाला. पाकालच्या झाकणाचा अर्थ त्या ग्रंथातून उचलून येथे चिकटवता येत नाही. झाकणावर जे प्रत्यक्ष दिसते त्याच्याशी ग्रंथ जुळतो तेवढ्यापुरताच त्याचा आधार घेणे योग्य.

याच चित्रावरून १९६० च्या दशकात, राजा हा अवकाशयानात बसलेला अंतराळवीर आहे, असा दावा करण्यात आला आणि तो समाजमाध्यमांवर आजही फिरताना दिसतो. त्या दाव्याचे खंडन सोपे आहे. ज्याला यान म्हटले जाते तो विश्ववृक्ष पालेंकेतीलच दुसऱ्या एका मंदिराच्या कोरीव फलकावर त्याच रूपात उभा आहे आणि झाकणावरील प्रत्येक अलंकार इतर माया शिल्पांत नावानिशी ओळखता येतो. या दाव्याने अधिक वाईट गोष्ट केली ती अशी, की एका समाजाने मृत्यूबद्दल केलेला गंभीर विचार त्याच्याकडून हिरावून घेतला.

पूर्वजांची बाग

झाकणाकडे सर्वांचे लक्ष जाते. शवपेटीच्या चार बाजू तुलनेने दुर्लक्षित राहतात. त्यांवर भेगाळलेल्या भूमीतून कमरेपर्यंत वर आलेले पाकालचे पूर्वज कोरले आहेत आणि प्रत्येकाच्या मागे एक फळझाड उगवलेले आहे. आई साक कुक हिच्यामागे कोको आहे, वडिलांच्या मागे नान्से नावाच्या लहान पिवळ्या फळाचे झाड आहे. इतरांमागे अॅव्होकॅडो, आणि आपल्याकडे पोर्तुगीजांच्या काळात अमेरिकेतून आलेला पेरूही आहे. यांत योल इकनाल ही स्वतः राज्य केलेली राणी आहे आणि ती दोनदा कोरली आहे. आईवडिलांच्या आकृतीही प्रत्येकी दोनदा येतात.

म्हणजे मधोमध मक्याच्या रूपात अंकुरणारा राजा आणि भोवती फळझाडांच्या रूपात उगवलेले पूर्वज, अशी ही बाग आहे. मेलेले माणूस नाहीसे होत नाही. ते जमिनीतून अन्न होऊन परत येते आणि त्या अन्नावर वंश जगतो, ही श्रद्धा इतक्या स्पष्टपणे मांडलेली अन्यत्र क्वचितच दिसते. पण तिच्यात वंशाचा दावाही आहे. ज्यांच्याकडून पाकालला हक्क मिळाला त्याच व्यक्ती पुन्हा कोरल्या गेल्या, हा योगायोग मानता येणार नाही. ज्यांना धर्म आणि राजकारण यांची फारकत करून यांपैकी खरे कारण कोणते ते ठरवायचे असते, त्यांना या शवपेटीपुढे थांबावे लागते, कारण येथे वंशाचा पुरावा हाच धार्मिक पुरावा आहे. झाकणाच्या कडेवर या पूर्वजांच्या मृत्यूच्या तिथी ओळीने दिल्या आहेत. पाकालच्या तिथीपाशी जे क्रियापद येते त्याचा अर्थ ‘त्याने मार्गात प्रवेश केला’ असा लावला जातो.

मुखवटा, मणी आणि हिंगूळ

शवपेटीच्या आतील पोकळी हिंगुळाने लाल रंगवलेली होती आणि अस्थींवरही हिंगूळ पसरलेला होता. उत्तरेकडे डोके करून ठेवलेल्या देहाच्या चेहऱ्यावर जेडच्या तुकड्यांचा मुखवटा होता, ज्याचे डोळे शिंपला व ऑब्सिडियन या काळ्या ज्वालामुखीय काचेचे आहेत. प्रत्येक बोटात जेडची अंगठी, एका हातात जेडचा घन आणि दुसऱ्यात गोल, तोंडात एक मणी. मध्य अमेरिकेत जेड ग्वाटेमालातील मोतागुआ खोऱ्यातून येत असे. ते मिळवणे कष्टाचे होते आणि घासून आकार देणे त्याहून कष्टाचे.

या वस्तूंकडे केवळ श्रीमंतीचे प्रदर्शन म्हणून पाहणे अपुरे आहे. हिरवा रंग कोवळ्या मक्याचा आणि पाण्याचा आहे आणि माया कलेत जेडचा मणी श्वासाचे चिन्ह म्हणून नाकासमोर कोरलेला दिसतो. मृताच्या तोंडात भरडलेला मका आणि मणी ठेवण्याच्या प्रथेची नोंद सोळाव्या शतकात युकातानमधील एका स्पॅनिश धर्मगुरूने केली आहे. तेव्हा सुमारे नऊशे वर्षांच्या अंतरानेही ती प्रथा चालू होती असे म्हणता येते. लाल रंग पूर्वेचा, उगवत्या सूर्याचा आणि रक्ताचा. लाल पोकळीत हिरवा देह ठेवणे ही झाकणावरच्या चित्राचीच वस्तूंमधून केलेली मांडणी आहे. फरक इतका, की झाकणावरचे चित्र माणसांनी पाहण्यासाठी असू शकले असते, पण पोकळीतील मांडणी दफनानंतर कोणालाही दिसणार नव्हती. ती मृताच्याच उपयोगाची होती, आणि म्हणूनच श्रद्धेचा पुरावा म्हणून मी तिला अधिक वजन देतो.

त्रिकोणी शिळेबाहेर एका पेटीत पाच किंवा सहा व्यक्तींचे अवशेष सापडले. राजासोबत त्यांचा बळी दिला गेला असे मानले जाते. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. वर पूर्वजांच्या तिथी दिवसाच्या अचूकतेने दिलेल्या असताना दाराबाहेरच्या या माणसांबद्दल लेख पूर्णपणे मूक आहे, ही गोष्ट या धर्मविचाराच्या सौंदर्याबद्दल बोलताना विसरता कामा नये. पुनर्जन्माचे आश्वासन एका देहासाठी होते आणि त्याची किंमत इतर देहांनी दिली.

मृतापर्यंत जाणारी नळी

शवपेटीपासून निघून जिन्याच्या कडेकडेने वर मंदिराच्या फरशीपर्यंत जाणारी एक दगडी पोकळ नळी आहे. दफनानंतर जिना दगडमातीने बुजवला, दार बंद केले, फरशीची शिळा बसवली; नळी मात्र मोकळी ठेवली. हवा खेळती ठेवणे हा तिचा हेतू असू शकत नाही, कारण आत कोणी जिवंत नव्हते. रुस यांनी तिला आत्म्याचा मार्ग मानले आणि ते स्पष्टीकरण आजही सर्वांत समाधानकारक आहे. वर मंदिरात धूप जाळणारा, अर्पणे देणारा नवा राजा या नळीच्या मुखाशी उभा राहून पित्याशी संबंध राखत असे, असे मानण्यास वास्तूच भाग पाडते. दर्शनी खांबांवरील गिलाव्याच्या शिल्पांत मोठी माणसे एका बाळाला हातांत धरून उभी आहेत. त्या बाळाचा एक पाय काविलप्रमाणे सर्परूप आहे आणि सहा बोटांच्या खुणेवरून अनेक अभ्यासक त्याला पुत्र कान बाहलाम मानतात. खाली पिता काविलच्या रूपात जन्मतो, वर पुत्र काविलच्या रूपात मिरवला जातो आणि दोघांना नळी जोडते.

वरच्या मंदिरातील लेखफलकांवरील एक गणना या संबंधाची लांबी सांगते. पाकालच्या राज्यारोहणाच्या तिथीपासून ५२ वर्षांच्या कालचक्राची ८० आवर्तने मोजून लेख इ.स. ४७७२ मधील एका दिवसापर्यंत पोहोचतो. राजाचा सण इतक्या दूरच्या काळातही येणार आहे, असे लिहिणाऱ्यांना मृत्यू हा राजाच्या कालखंडाचा शेवट वाटत नव्हता.

मतभेदाचे मुद्दे

१९५० च्या दशकातील तपासणीत सांगाड्याचे वय दातांच्या झिजेवरून चाळीस ते पन्नासच्या दरम्यान ठरवले गेले. पुढे १९७३ च्या पालेंके येथील परिषदेपासून लेखांचे वाचन वेगाने पुढे गेले आणि त्यातून ऐंशी हे वय निघाले, तेव्हा मोठा वाद उभा राहिला. लेख खोटे आहेत, वंशाचा बडेजाव वाढवण्यासाठी आयुष्य फुगवले आहे, असेही म्हटले गेले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अस्थींची नव्या पद्धतींनी फेरतपासणी झाली आणि हाडे एका वृद्ध पुरुषाची आहेत असा निष्कर्ष निघाला. राजाच्या मऊ आहारामुळे दात कमी झिजले असावेत. हा वाद वरवर केवळ वयाचा असला, तरी तिथी विश्वसनीय ठरल्याने त्या तिथींवर उभा असलेला विधींचा सारा क्रमही विश्वसनीय ठरला.

दफनकक्षाच्या भिंतींवरील गिलाव्याच्या नऊ आकृतींचा अर्थ मात्र इतका पक्का झालेला नाही. रुस यांनी त्यांना पाताळाचे नऊ रात्रदेव मानले. पोशाख आणि राजदंड पाहता ते पूर्वीचे राजे किंवा रक्षक सरदार असावेत, हे मत मला अधिक पटते. २०१६ मध्ये मंदिराखाली पाण्याचा एक भूमिगत मार्ग सापडल्याचे जाहीर झाले आणि राजाचा पाताळाकडे जाणारा जलमार्ग म्हणून त्याचे वर्णन झाले. इतर माया लेखांत मृत्यूसाठी ‘पाण्यात प्रवेश केला’ अशी उक्ती येते, त्यामुळे ही कल्पना निराधार नाही. पण पालेंके हे झऱ्यांचे आणि बांधीव पाटांचे नगर आहे. इतक्या पावसाच्या प्रदेशात पाया कोरडा राखण्यासाठीही असा मार्ग लागतो. दोन्ही हेतू एकत्र असणे शक्य आहे, तरी केवळ या मार्गावर मोठा सिद्धान्त उभारणे घाईचे होईल.

शेजारची राणी आणि साधी घरे

१९९४ मध्ये शेजारच्या मंदिर क्रमांक १३ मध्ये एका स्त्रीचे दफन सापडले. तीही हिंगुळाने माखलेली, तिच्यावरही हिरव्या दगडाचा मुखवटा, तिच्यासोबतही बळी दिलेल्या व्यक्ती. हिंगुळामुळे तिला ‘लाल राणी’ हे नाव पडले आणि ती पाकालची पत्नी त्साकबू अहाव असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राणीचा मृत्यू ६७२ मधला, म्हणजे पतीच्या अकरा वर्षे आधीचा. मात्र तिच्या शवपेटीवर एकही अक्षर नाही, विश्ववृक्ष नाही, पूर्वजांची बाग नाही. दोन्ही दफने शेजारी ठेवून पाहिली की समान काय आणि खास काय हे वेगळे होते. लाल रंग, हिरवा दगड आणि सोबतीचे बळी हे राजकुलाच्या दफनविधीत सामाईक दिसतात. अंकुरणारा देव म्हणून नावानिशी आणि तिथीनिशी पुन्हा प्रकट होणे पाकालसाठी राखलेले आहे.

आणखी खालच्या स्तरावर पाहिले तर माया प्रदेशात सामान्य कुटुंबे आपले मृत राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत आणि कित्येक दफनांत मृताच्या तोंडात मणी आढळतो. मृत जवळच राहावा, जिवंतांनी त्याच्यावर वावरावे आणि त्याच्याशी संबंध राखावा, ही पाकालच्या पिरॅमिडमागील मूळ कल्पना त्या घरांतही आहे. पालेंकेच्या राजाने नवा धर्म शोधला नाही. लोकांच्या घराखाली जे होत होते तेच त्याने नऊ टप्प्यांच्या पिरॅमिडखाली केले, आणि त्यात भर घातली ती विश्ववृक्षाची, कालगणनेची आणि नाव नसलेल्या त्या पाचसहा जणांची.